शिकणे की पेढीवर बसणे?

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांत दोन प्रश्न निघतात. गुण किती मिळाले, आणि मुलगा पुढे शिकणार की पेढीवर बसणार? जणू पेढीवर बसणे म्हणजे शिकणे नव्हेच! अन्य देशांच्या वर्गांत डोकावले, तर हा पेच निराळा दिसू लागतो.

जपानमधील बहुतेक शाळांत वर्ग, जिने व व्हरांडे विद्यार्थी स्वतः झाडतात-पुसतात. प्राथमिक शाळेत दुपारचे जेवणही मुलेच पाळीपाळीने एकमेकांना वाढतात. ही शिक्षा नसून दिनक्रमाचाच भाग आहे. हलके मानले जाणारे काम तेथे शिक्षणाच्या चौकटीत बसते.

फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी पहिलीत जाते. उच्च माध्यमिक शिक्षणाच्या अखेरची परीक्षा सोडल्यास देशभर सर्वांना एकच, अशी मोठी परीक्षा नाही. मुलाची पारख वर्गशिक्षक करतो; मात्र त्यासाठी तो पदव्युत्तर पदवी घेतलेला असावा लागतो. परीक्षेवरचा भार कमी करायचा, तर शिकवणाऱ्याची योग्यता वाढवावी लागते.

जर्मनीचे उदाहरण व्यापारी कुटुंबांना अधिक जवळचे. तेथील बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. इतक्या लहान वयातील निवडीत घरच्या परिस्थितीचे पारडे जड ठरते, ही टीका योग्यच आहे. परंतु शालेय शिक्षणानंतरची त्यांची दुहेरी पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. उमेदवार आठवड्याचे काही दिवस दुकानात वा कारखान्यात काम शिकतो, त्याचे वेतन घेतो, आणि उरलेले दिवस व्यवसायशाळेत जातो. किरकोळ व्यापाराचा असा अभ्यासक्रम 3 वर्षांचा असून त्याची परीक्षा उद्योग-व्यापार मंडळ घेते.

आपल्या पेढीवरही मालाची पारख, उधारी-वसुली, ग्राहकाशी बोलणे हे सारे शिकवले जाते. उणीव आहे ती आखणीची. कोणत्या वर्षी काय शिकायचे, ते आले की नाही हे कोणी तपासायचे, हे ठरलेले नसते. मुलीला तर पुष्कळदा बोलावलेही जात नाही.

तेव्हा महाविद्यालय सोडवू नका. सुट्टीतले दोन महिने मात्र मुलगा-मुलगी दोघांनाही द्या. प्रारंभ दुकान झाडण्यापासून करा, शेवट ताळेबंद वाचण्याने करा. आणि शिकवणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही आपली तयारी आधी तपासून पाहावी.