जोत्याखालचं पाणी

नांदेड-लातूरकडच्या बोलण्यात ‘डेड’ आता पक्का रुळला आहे. मोबाइल डेड होतो, बॅटरी डेड होते, न खपलेला माल डेड स्टॉक ठरतो. शाळेच्या डेड स्टॉक रजिस्टरात मात्र रोज वापरातलं कपाट, खुर्ची, घंटाही असते. तिथे डेड म्हणजे टिकाऊ, वापरून न संपणारी वस्तू.

मराठवाड्याच्या जिवाशी गाठ आहे ती धरणातल्या डेड स्टोरेजची, मृतसाठ्याची.

लातूरला पाणी पाजणाऱ्या धनेगावच्या मांजरा धरणाची क्षमता सुमारे 224 दशलक्ष घनमीटर (दलघमी); त्यातले 47 मृत. कालव्याच्या दारापेक्षा खाली राहणारं, आपसूक बाहेर न येणारं हे पाणी. गावात त्याला कुणी मृतसाठा म्हणत नाही. ‘धरण जोत्याखाली गेलं’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ही जागा मुळात नदीबरोबर येणाऱ्या गाळासाठी राखलेली. गाळ साचत जातो, म्हणून कागदावरचे 47 दलघमी गरजेला सगळे हाती लागतील असं धरता येत नाही. बातमीतला ‘शून्य टक्के’ हा उपयुक्त साठ्याचा असतो. त्यानंतर शहरं तगतात ती या मृत पाण्यावरच. जायकवाडी धरणाचा मृतसाठा 26 टीएमसी (अब्ज घनफूट). टंचाईच्या वर्षांत छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याने तोच उपसून तहान भागवली.

लातूरच्या वाट्याला 2016 मध्ये मृत पाणीही उरलं नाही. मांजरा आटलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली. राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेने धुतलेल्या टाकीच्या वाघिणी मिरजेत कृष्णेच्या पाण्याने भरल्या गेल्या आणि 12 एप्रिलला पहिली ‘जलदूत’ पाणीगाडी लातुरात पोचली: दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. पाच लाखांच्या आसपास वस्तीच्या शहराला ती रेल्वे आधार होती, पुरेशी कधीच नव्हती.

नांदेडचं दुखणं निराळं. शहराला पाणी देणाऱ्या विष्णुपुरी धरणात मृतसाठा फारच थोडा, म्हणजे मोडायला ठेवच नाही. उन्हाळ्यात वरच्या दिग्रस बंधाऱ्याकडे डोळे लागतात, आणि त्या पाण्यावरून परभणीशी वाद होतो.

वाचकांनी यंदा धरणाची टक्केवारी वाचून थांबू नये. आपल्या धरणात गाळ किती साचला आणि त्याचं शेवटचं मोजमाप कधी झालं, हे पाटबंधारे खात्याला लेखी विचारावं.