विश्लेषण : ३० हजार मधपेट्या नष्ट करण्यास मधपाळांच्याच संघटनांनी होकार का दिला?

ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल बंदरात जून २०२२ मध्ये एक सूक्ष्म परजीवी सापडला. पुढील सव्वा वर्षात ३० हजारांहून अधिक मधपेट्या माशांसह नष्ट करण्यात आल्या. हा निर्णय केवळ सरकारचा नव्हता, मधपाळांच्या संघटनाही त्यात सहभागी होत्या. एखाद्या राज्यातील मधपाळ संघटना आपल्या उद्योगाचे धोरण कसे ठरवते आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा हा आढावा.

नेमके काय घडले?

‘व्हरोआ डिस्ट्रक्टर’ हा तांबूस रंगाचा, टाचणीच्या डोक्याएवढा परजीवी मधमाश्या आणि त्यांच्या अळ्यांवर जगतो. तो विषाणूही पसरवतो आणि उपचार न केल्यास वसाहत मरते. न्यूझीलंडमध्ये तो २००० मध्ये पोहोचला. मोठ्या मधोत्पादक देशांपैकी ऑस्ट्रेलिया तेवढा वाचला होता. २२ जून २०२२ रोजी न्यूकॅसल बंदरातील टेहळणी पेट्यांच्या नियमित तपासणीत तो आढळला. न्यू साऊथ वेल्स राज्याने पेट्यांची वाहतूक थांबवली. बाधित ठिकाणापासून १० किलोमीटरच्या परिघातील सर्व पेट्या नष्ट करण्याचे ठरले. त्यात निरोगी पेट्याही होत्या.

राज्य संघटना धोरण कसे ठरवते?

न्यू साऊथ वेल्स एपिअरिस्ट्स असोसिएशन ही या राज्यातील व्यावसायिक मधपाळांची संघटना. तिचा पाया म्हणजे विभागवार शाखा. शाखांकडून आलेले ठराव वार्षिक अधिवेशनात चर्चेला येतात, सदस्य मतदान करतात आणि मंजूर ठरावांचा पाठपुरावा कार्यकारिणी करते. सरकारी जंगलांत पेट्या ठेवण्याच्या जागा, त्यांचे भाडे, वणव्यानंतर उपलब्ध राहिलेला फुलोरा, रोगांची तपासणी असे विषय त्यात असतात. २०१९-२० च्या भीषण वणव्यांनंतर जंगलातील जागांचा प्रश्न अधिकच तीव्र झाला.

राज्याच्या अखत्यारीतील मागण्या राज्य सरकारकडे जातात. देशपातळीवरील प्रश्न ‘ऑस्ट्रेलियन हनी बी इंडस्ट्री कौन्सिल’ या शिखर संस्थेकडे जातात. तिथे राज्य संघटनांबरोबर मध पॅकिंग करणारे आणि राणीमाशी पैदासकारही असतात. पेट्यांची तपासणी, नोंदी आणि रोगनियंत्रण यांविषयीची २०१६ ची जैवसुरक्षा आचारसंहिता याच संस्थेच्या पुढाकारातून आली.

पैसा कुठून येतो?

विकल्या जाणाऱ्या मधावर किलोमागे ठरावीक उपकर असतो. सरकार तो कायद्याने वसूल करते. पण दर वाढवायचा तर आधी उद्योगाने उपकर भरणाऱ्यांचा कौल घेऊन कृषिमंत्र्यांकडे प्रस्ताव न्यावा लागतो. हा पैसा संशोधन, रोगांची टेहळणी आणि आणीबाणीच्या उपायांसाठी वापरता येतो. राजकीय पाठपुराव्यासाठी मात्र तो वापरता येत नाही. म्हणून शिखर संस्थेला स्वतःचा खर्च स्वेच्छा वर्गणीतून भागवावा लागतो. सरकारपुढे उद्योगाची बाजू मांडण्याची सर्वांत मोठी जबाबदारी जिच्यावर, त्या संस्थेचे उत्पन्न सर्वांत अनिश्चित, असा हा पेच आहे.

पेट्या नष्ट करण्याच्या निर्णयात मत कसे मिळाले?

याचे उत्तर २००५ पासून लागू असलेल्या आणीबाणी करारात आहे. पिकांना किंवा मधमाश्यांना धोका असलेली परदेशी कीड देशात शिरली, तर खर्च केंद्र, राज्ये आणि बाधित उद्योग यांनी वाटून घ्यायचा, असे हा करार सांगतो. खर्चात वाटा उचलणाऱ्याला निर्णयातही स्थान मिळते. उद्योगाचा वाटा केंद्र सरकार आधी भरू शकते आणि नंतर उपकरातून वसूल करते. मधमाश्यांच्या परागीभवनावर अवलंबून असलेले बदामासारखे फळउद्योगही व्हरोआच्या खर्चात सहभागी झाले.

करारात आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. मंजूर आराखड्यानुसार ज्यांच्या पेट्या नष्ट होतील, त्यांना भरपाई मिळते. भरपाईची खात्री नसेल तर कीड सापडूनही मधपाळ ती लपवेल, हा त्यामागचा विचार. जुलै २०२२ मध्ये १.८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई योजना जाहीर झाली.

मग नाराजी का पसरली?

पहिले कारण म्हणजे पेटीची भरपाई देता येते, पिढ्यान्‌पिढ्या निवडून जोपासलेल्या राणीमाशीच्या वंशाची देता येत नाही. दुसरे, उपकर प्रामुख्याने व्यावसायिक मधपाळ भरतात. पण पेट्या छंद म्हणून परसात माश्या पाळणाऱ्यांच्याही गेल्या. संख्येने मोठ्या असलेल्या या गटाचा आवाज व्यावसायिकांच्या संघटनेत क्षीण राहिला.

तिसरे कारण बदामाच्या बागांचे. बदामाचे पीक मधमाश्यांवर विसंबून असते आणि दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास हजारो पेट्या ट्रकमधून या बागांत नेल्या जातात. मधपाळांच्या उत्पन्नाचा हा मोठा आधार. वाहतूक पूर्ण रोखली तर मधपाळ आणि बागायतदार दोघेही अडचणीत, परवानगी दिली तर कीड पसरण्याची भीती. परवाने देऊन वाहतूक सुरू ठेवली गेली. ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ मध्ये केम्प्सी परिसरात, तसेच दूरच्या रिव्हरिना आणि सनरेशिया भागांत कीड सापडली. ‘आमच्या निरोगी पेट्या आणखी किती काळ मारणार?’ हा प्रश्न तेव्हा उघडपणे विचारला जाऊ लागला.

निर्मूलन का सोडले?

सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय व्यवस्थापन गटाने व्हरोआचे निर्मूलन आता शक्य नसल्याचे मान्य केले. तोवर १० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला होता. धोरण ‘निर्मूलना’कडून ‘व्यवस्थापना’कडे वळले. म्हणजे पेट्यांची नियमित तपासणी, गरजेनुसार औषधी पट्ट्या आणि वाहतुकीवर मर्यादित बंधने. आता हा खर्च प्रत्येक मधपाळाला दरवर्षी स्वतःच सोसावा लागतो. पेट्या नष्ट करण्याच्या मोहिमेत भरपाई होती, कायमच्या उपचारखर्चासाठी ती नाही. कमी पेट्या असलेल्यांना हे ओझे सर्वांत जड जाते.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

व्हरोआ मूळचा आशियाई मधमाशीवरचा. सह्याद्रीत जिला सातेरी म्हणतात, तीच ही माशी. ती अंगावरचे परजीवी झाडून टाकते आणि त्याचे प्रजनन बहुतांशी नरमाश्यांच्या अळ्यांपुरते मर्यादित राहते. त्यामुळे दोघे एकत्र नांदतात. युरोपीय मेलिफेरा माशीकडे असे संरक्षण नाही आणि व्यापारी मधमाशीपालन जगभर तिच्यावरच उभे आहे.

धोरणाच्या पातळीवर फरक मोठा आहे. आपल्याकडे सूत्रे प्रामुख्याने खादी-ग्रामोद्योग यंत्रणा, राष्ट्रीय मधमाशी मंडळ आणि ५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियान यांच्याकडे आहेत. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ झाले, तेही सरकारी योजनेतून. अशा रचनेत मधपाळ मुख्यतः लाभार्थी असतो. ऑस्ट्रेलियात तो खर्चाचा वाटेकरी आहे, म्हणून त्याच्या संघटनेला मत आहे. त्या मताने कीड थांबली नाही आणि संघटनेला स्वतःच्याच सदस्यांचा रोष पत्करावा लागला. पण पेट्या कधी मारायच्या आणि कधी थांबायचे, या दोन्ही निर्णयांच्या वेळी मधपाळांचा प्रतिनिधी तिथे होता, आणि त्या निर्णयांचा जाब सदस्य आपल्याच अधिवेशनात विचारू शकत होते.