निळसर श्वेतपटल आणि मुंबईची वाट

दिघोरीहून (जि. भंडारा) एका व्यवसायबंधूंचे पत्र आले आहे. मांडीचे हाड वर्षात दुसऱ्यांदा मोडलेल्या एका मुलीच्या डोळ्यांतील पांढऱ्यावर त्यांना निळसर-करडी झाक दिसली, तीच आईच्या डोळ्यांतही आढळली, आणि आईला ऐन तिशीत कमी ऐकू येऊ लागल्याचे विचारपूस करता कळले, तेव्हा त्यांनी ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टाचे निदान केले. ज्या मुलखात पापणी खाली ओढायची ती सिकलसेलची कावीळ वा रक्तक्षयाचा फिकटपणा पाहण्यासाठीच, आणि हाडाचे दुखणे म्हटले की सिकलसेलवरच बोट ठेवायचे, अशी सवय जडली आहे, तेथे टाइप-१ कोलॅजनच्या दोषाने विरळ झालेल्या श्वेतपटलातून दिसणारा रंजितपटल ओळखणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

निदान झाले, उपचार मात्र दफ्तरात अडकला. सहा महिन्यांतून एकदा शिरेतून द्यावयाचे झोलेड्रॉनिक ॲसिड आणि त्यापूर्वी कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची तपासणी, एवढ्या माफक सरंजामासाठी सरकारी साहाय्य हवे असेल तर मुंबईस जाऊन नाव नोंदवा, असे पालकांना सांगण्यात आले. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणात हा विकार तुलनेने अल्प खर्चाच्या उपचारांच्या गटात, बिस्फॉस्फोनेटच्या उल्लेखासह, नोंदलेला आहे. २०२२ मध्ये ५० लाखांपर्यंतच्या मदतीची तरतूदही झाली. परंतु ती उत्कृष्टता केंद्रांमार्फतच मिळावयाची, आणि धोरणातील मूळ ८ केंद्रांत महाराष्ट्रातले एकटे मुंबईचे के. ई. एम. आहे. त्या रुग्णालयाचा यात काही दोष नाही. पण कमरेपासून घोट्यापर्यंत हिप स्पायकात जखडलेल्या मुलीला सुमारे ९०० किलोमीटर आगगाडीने न्यावयाचे, आणि तेही जे औषध नागपुरात सहज मिळते त्याच्यासाठी, ही तजवीज निर्दय आहे. जनुकीय तपासणीचा रक्तनमुना पाठवता येतो, कागद पाठवता येतात; औषध देण्याचा अधिकार जिल्हा रुग्णालयास देणारा स्पष्ट हुकूम आरोग्य खात्याने विनाविलंब काढलाच पाहिजे.

आपल्यातही कसूर करणारे थोडे नाहीत. ‘हाडे नाजूक, कॅल्शियम द्यावे’ एवढेच चिठ्ठीवर खरडले तर कोणता अधिकारी मंजुरी देईल? किरकोळ धक्क्याने हाड मोडलेले मूल आले की त्याचे डोळे दिवसाच्या उजेडात पाहा. तान्ह्या बाळाचे डोळे पहिले काही महिने निळसर असतात, उलट या विकाराच्या काही प्रकारांत श्वेतपटल पांढराच राहतो. म्हणून दात, कान आणि आईबापांचे डोळेही तपासा. निदान पूर्ण नावाने लिहा, आणि अशा प्रत्येक रुग्णाची हकीकत, नावगाव वगळून, आमच्याकडे धाडा. त्या सर्व एकत्र करून आम्ही खात्याकडे रुजू करणार आहोत.