आतलं न दिसणाऱ्यासाठी

३ नोव्हेंबर १९७१ रोजी निघालेल्या युनिक्स या संगणकप्रणालीच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी आज्ञांच्या पानांवर ‘बग्ज’ असा रकाना ठेवला होता. आज्ञा कुठे फसते, ते तिथे उघड लिहिलेलं असे. तो प्रामाणिकपणा आज पुन्हा हवा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या एआय कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ खुला केला आणि एआय एजंटांना बाहेरची साधनं जोडण्याची सामायिक रीत मिळाली. एजंटपुढे येतं ते साधनाचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणती माहिती कशी द्यायची याचा आराखडा. आतला कोड सहसा दिसत नाही. मग वर्णनात नुसतं ‘तारीख द्या’ लिहिलं, तर ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? माणूस शेजारच्या टेबलावर विचारून घेतो. एजंट बरेचदा अंदाज बांधतो, आणि तिकीट भलत्याच दिवसाचं निघतं. म्हणून साधन कधी वापरू नये आणि काय पुसलं की परत येत नाही, हे माझ्या मते सर्वांत आधी लिहावं. चूक झाल्याचा संदेशही ‘अवैध विनंती’ एवढ्यावर थांबू नये. ‘वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख द्या’ असं त्याने सांगावं. हे काम साधन बांधणाऱ्याचंच. शेवटच्या दिवशी कुणा नवख्याच्या गळ्यात ते मारू नये.