बाजारातला शॉकअप काही पाप नाही

लोधीखेड्याच्या रस्त्यावर एमपी २८ आणि एमएच ४० या दोन्ही पाट्यांच्या गाड्या दिसतात. सोयरीक सावनेरकडे, मोठा दवाखाना नागपुरात, तहसील सौंसरला आणि ऑक्टोबर २०२३ पासून जिल्हा पांढुर्णा. माणूस एवढा फिरतो म्हटल्यावर गाडीही फिरणारच. ती बहुधा बोलेरो, नाहीतर स्कॉर्पिओ. संत्र्याच्या हंगामात मागच्या सीटा दुमडून क्रेट भरायचे, लग्नसराईत त्याच जागेत वऱ्हाडी कोंबायचे. पाटी खासगी गाडीची, काम टेम्पोचं. या कामाचा मार मागचे दोन शॉकअप निमूटपणे खातात आणि एक दिवस त्यातलं तेल बाहेर येतं. मग मालकाला प्रश्न पडतो: कंपनीचे घ्यायचे की बाजारातले?

नावाजलेल्या मेकचे आणि पक्क्या बिलासह मिळत असतील, तर बाजारातले खुशाल घ्यावेत. ‘बाहेरचा माल लावला की गाडी खराब’ ही भीती बरीचशी शोरूमच्या काउंटरवर पेरलेली आहे.

गाडी बनवणारी कंपनी सहसा शॉकअप स्वतः बनवत नाही. गॅब्रिएल इंडियाचंच उदाहरण पाहा. १९६१ साली सुरू झालेली ही कंपनी आज नाशिक, चाकण आणि मध्य प्रदेशातल्या देवासलाही शॉकअप बनवते. महिंद्रासारख्या गाडी कंपन्यांना ती माल पुरवते आणि स्वतःच्या नावाच्या खोक्यातून किरकोळ बाजारातही विकते. दोन्ही माल तंतोतंत सारखे असतात असं नाही. गाडी कंपनी आपल्या मॉडेलसाठी आतल्या झडपांची सेटिंग ठरवून घेते, त्यामुळे बाजारातला जोड थोडा कडक किंवा थोडा मऊ लागू शकतो. पण हा फरक चालवण्याच्या सुखाचा आहे. त्याने गाडीचं वाटोळं होत नाही.

या भीतीचा व्यवहार किती मोठा, हे भारतीय स्पर्धा आयोगाच्या ऑगस्ट २०१४ च्या आदेशात दिसतं. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न येऊ दिल्याबद्दल आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असंही बजावलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण गावच्या मिस्त्रीकडे जाणाऱ्या ग्राहकाचा मुद्दा तेव्हा पहिल्यांदा एवढ्या ठसठशीतपणे कागदावर आला. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे. शॉकअपवर आधी तो २८ टक्के होता. बिल न घेता चार पैसे वाचवण्याचा मोह आता तरी कमी व्हायला हरकत नाही, कारण बिल नसेल तर वॉरंटी मागायची कुणाकडे?

खरी चिंता वेगळ्याच गोष्टीची करायला हवी. शॉकअप वजन उचलत नाही. वजन पाटे किंवा स्प्रिंग पेलतात. स्प्रिंग दबली की उसळते, ती उसळी मोडायचं काम शॉकअपचं. त्याच्या नळीत तेल असतं, दांड्याच्या टोकाला पिस्टन असतो, आणि पिस्टनच्या बारीक भोकांतून तेल रेटलं जाताना उसळीची ताकद उष्णतेत बदलते. ‘गॅस शॉकअप’मध्येही काम तेलच करतं. आतला नायट्रोजन फक्त तेलाला फेस येऊ देत नाही, कारण फेसाळलेलं तेल दांड्याला हवा तसा अडसर देत नाही. मागून गाडी बसलेली असताना ‘जरा कडक शॉकअप टाका, उचलेल’ असं म्हणणारा मालक आणि ‘टाकतो’ म्हणणारा मिस्त्री, दोघेही पैसे पाण्यात घालतात. बसलेल्या गाडीचे पाटे तपासावे लागतात, आणि क्रेटही कमी करावे लागतात.

बोलेरोची गोम अशी की तिच्या मागे पाटे आहेत. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणाने उसळी थोडीफार मरते. शॉकअप संपले तरी गाडी बरी चाललीय असं वाटत राहतं. स्कॉर्पिओच्या मागे कॉइल स्प्रिंग. तिथे हे घर्षण नाही, म्हणून शॉकअप गेले की सौंसरकडून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानी घाटाच्या वळणांवर गाडी डुलायला लागते आणि मागे बसलेली म्हातारी माणसं आधी तक्रार करतात. बोलेरोवाल्याला तक्रार ऐकू येत नाही, म्हणून धोका त्याला जास्त. खराब रस्त्यावर ब्रेक दाबला की चाक उड्या मारतं, आणि रस्ता सोडलेल्या चाकाला ब्रेक कितीही चांगला असो, उपयोग काय? एबीएस असलं तरी ते शेवटी टायरच्या पकडीवरच चालतं.

ओळखायचं कसं? शॉकअपच्या अंगावर तेलाचा पुसटसा ओलावा असेल तर घाबरायचं कारण नाही. तेल ओघळून खाली आलं असेल आणि त्यावर काळ्या मातीची धूळ बसून घट्ट खपली धरली असेल, तर सील गेलं. टायरवरून तळवा फिरवावा. ठरावीक अंतराने खळगे लागले तर चाक नाचत होतं हे नक्की. खड्ड्यांच्या रस्त्यावरून आल्याबरोबर दोन्ही शॉकअपला जपून हात लावून पाहायची मिस्त्रींची जुनी युक्तीही कामाची आहे. एक गरम आणि दुसरा थंडगार लागला, तर थंड असलेला कामच करत नाही.

हे सगळं मालकाने स्वतःच पाहायचं, कारण दुसरं कुणी पाहत नाही. नव्या खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. तोवर फिटनेससाठी कुणी बोलावत नाही, आणि पीयूसीवाला फक्त धूर मोजतो. मुलंबाळं आणि आजी-आजोबा घेऊन शनिवारी जामसावळीच्या हनुमानाला निघालेल्या गाडीचे शॉकअप पंधरा वर्षं सरकारी नजरेला पडत नाहीत, हे काही बरं नाही. पीयूसीच्या रांगेतच टायर, ब्रेक आणि शॉकअप वरवर पाहायची सोय करायला कितीसा खर्च येणार आहे?

गाडी उंच करायची हौस हा मात्र वेगळा विषय. मूळ मापाचा जोड बदलणं म्हणजे दुरुस्ती. लांब शॉकअप आणि उंच स्प्रिंग टाकून गाडीची घडणच बदलली, की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. अपघातानंतर विमा कंपनीला हेच मुद्दे बरोबर आठवतात.

आता बसवण्याचं. चांगला माल आणून आडमुठेपणाने बसवला, तर महागडा जोडही लवकर जातो. एकच फुटला असला तरी मागचे दोन्ही एकदम बदलावेत. एक नवा आणि एक थकलेला असला की गाडीची दोन अंगं दोन तऱ्हांनी चालतात. खोक्यावरचा पार्ट नंबर आणि शॉकअपवर उमटवलेला नंबर ताडून पाहावा. शॉकअप दुकानात आडवा पडून असेल तर तेल आणि हवा मिसळलेली असते. म्हणून तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा आणि ओढायचा, मग लावायचा. घाईत हे राहून जातं आणि पहिल्या दिवशीच ‘माल बोगस निघाला’ अशी ओरड होते. नट फिरत नाही म्हणून चकचकीत दांडा पक्कडीत धरणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवावं. त्या ओरखड्याने सील फाटतं आणि महिन्याभरात तेल बाहेर.

बुशचे बोल्ट कसायचे ते चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावर. गाडी जॅकवर लटकत असताना कसले, तर रबर आधीच पिळलेलं राहतं आणि गाडी खाली आल्यावर तो पीळ कायमचा. गॅरेजवाल्याला हे सांगितलं की तो जरा वैतागतो, कारण गाडीखाली पुन्हा आडवं व्हावं लागतं. वैतागू द्यावं, पण बोल्ट कसून होईपर्यंत तिथून हलू नये.