पाठलाग नको, नंबर टिपा
कापसाच्या दिवसांत मारेगावच्या वणी रोडवर भरलेल्या ट्रॉल्या रस्ता अडवून उभ्या असतात. त्यांच्यामधून विनाहेल्मेट पळालेलं पोरगं आणि मागे पोलिसांची गाडी सुसाट गेली की माझ्या पोटात गोळा येतो. पोरगं चुकलंच, दंडही हवाच. पण २०१८ मध्ये तिरुचिरापल्लीजवळ हेल्मेटवरून झालेल्या अशाच पाठलागात दुचाकीवरची महिला जिवानिशी गेली. गाडीला लाथ मारल्याच्या आरोपावरून वाहतूक निरीक्षकाला अटक झाली.

नंबर टिपला की ई-चलान फाडता येतं. गाडी कोण चालवत होतं, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नुसार पोलिसांनी विचारल्यावर मालकाला सांगावंच लागतं. नंबरप्लेटच नसेल, तर पुढच्या नाक्याला वायरलेसवर कळवा. माणूस उडवून पळणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला सोडू नका.