काडतूस कोणते, हे विचारण्याआधी नियम तीन वाचा

आसामच्या मंत्रिमंडळाने २८ मे २०२५ रोजी एक निर्णय घेतला. 'असुरक्षित आणि दुर्गम' भागांत राहणाऱ्या 'मूळ रहिवाशांना' शस्त्र परवाने देण्याची खास योजना राबवायची, असा तो निर्णय. मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांनी यासाठी धुबरी, बारपेटा, मोरीगाव, नगाव अशा जिल्ह्यांची नावे घेतली. हे जिल्हे बंगाली भाषक मुस्लिमांच्या मोठ्या वस्तीचे आहेत. म्हणजे बंदूक कोणाच्या हाती द्यायची आणि ती कोणाच्या दिशेने रोखली जाणार, हे सरकारने न बोलता सांगून टाकले. 'मूळनिवासी' हा शब्द आपल्या चळवळीलाही ओळखीचा आहे. परंतु तेथे तो समतेसाठी नव्हे, शेजाऱ्याला परका ठरविण्यासाठी वापरला गेला, हे बांधवांनी लक्षात घेतले पाहिजे.

या निर्णयानंतर आपल्या काही तरुण कार्यकर्त्यांकडून आम्हाला दोन प्रश्न विचारले जात आहेत. आसामात परवाने मिळतात, मग खेड्यापाड्यांत जिवावर उदार होऊन काम करणाऱ्या आपल्या माणसाला का मिळू नयेत? आणि परवाना मिळालाच तर शस्त्र कोणते घ्यावे, त्यात काडतूस कोणते भरावे? पहिला प्रश्न रास्त आहे. दुसराही टाळण्यासारखा नाही, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

मोबाइलवर अमेरिकेतील चित्रफिती पाहून आपली पोरे काडतुसांची चर्चा करतात. टोकाला पोकळी असलेली, लागताच पसरणारी गोळी चांगली की साधी, नऊ मिलिमीटर बरी की पंचेचाळीस, असा तो वाद. भारतात हा वाद बव्हंशी निरर्थक आहे. नऊ मिलिमीटर हे येथे निषिद्ध बोअर आहे, सामान्य नागरिकाला ते मिळत नाही. राहते काय? .२२ किंवा .३२ चे रिव्हॉल्व्हर अथवा पिस्तूल, .३१५ ची रायफल आणि बारा बोअरची बंदूक. काडतुसेही मुख्यतः सरकारी कारखान्याची, आणि त्यात आपल्या पुण्याच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्याचे नाव मोठे. एका वेळी किती काडतुसे बाळगायची हे परवान्यावर लिहिलेले असते. खरेदीची नोंद दुकानदाराच्या वहीत होते. तेव्हा निवड फार थोडी आहे.

परंतु जी आहे, तिच्यात एक गोष्ट जीवनमरणाची आहे. गोळी ज्याच्यावर झाडली त्याच्यापाशीच थांबते असे नाही. .३१५ ची रायफल शिकारीच्या ताकदीची. तिची गोळी माणसातून आरपार जाऊन पलीकडच्या माणसालाही लागू शकते. बारा बोअरचे छर्रे पसरतात. अंतर वाढले की छोट्या छऱ्यांचा जोर लवकर ओसरतो, मोठे छर्रे मात्र दूरवर घातक राहतात. .३२ ची गोळी त्यामानाने सौम्य, तरी जीव घेण्यास पुरेशी. आणि पत्र्याची भिंत यांपैकी कशालाच अडवत नाही! आपली वस्ती कशी असते? घराला घर लागून, मध्ये एक पत्रा किंवा कुडाची भिंत, पलीकडे शेजाऱ्याची लेकरे झोपलेली. बंगल्यात राहणाऱ्याने चुकीची गोळी झाडली तर ती कुंपणाच्या भिंतीत रुतेल, आपल्याकडे ती आपल्याच माणसाला लागेल. ज्या कार्यकर्त्याला खरोखरच धोका आहे आणि ज्याला परवाना मिळाला आहे, त्याने हाच हिशेब आधी करावा. जास्त जोराचे शस्त्र म्हणजे जास्त संरक्षण नव्हे. काडतुसे कोरड्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी कुलपात ठेवावीत. ओल लागलेले काडतूस ऐनवेळी दगा देते. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सुरक्षिततेचे प्रशिक्षण घ्यावे लागते, ते केवळ कागदापुरते घेऊ नये.

आता कोर्टाचे बोलू. स्वसंरक्षणाचा अधिकार पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आला आहे. मृत्यूची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची किंवा अपहरणाची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत प्रतिकार करता येतो. मात्र बचावाला आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वाजवी भीती पुरेशी आहे आणि संकटात सापडलेल्या माणसाच्या प्रतिकाराचे माप काटेकोर तराजूत घालता येत नाही. कायदा असा उदार आहे. पण कायद्याच्या आधी ठाणे लागते! गावात मारहाण आपल्याला होते आणि आपल्याच माणसावर क्रॉस केस होते, हा वकिलीतला आमचा रोजचा अनुभव. लाठीच्या मारामारीत ही गत, तर आपल्या हातून गोळी सुटल्यावर फिर्याद कोणाची आधी लिहिली जाईल? खुनाच्या प्रयत्नाचे कलम कोणाला लागेल? याचे उत्तर प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे.

आणि पैशाचे काय? २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचे .३२ चे हलके रिव्हॉल्व्हर खास महिलांसाठी म्हणून बाजारात आणले. किंमत सव्वा लाखाच्या घरात. रोजंदारीवर निंदणी-खुरपणी करणाऱ्या आपल्या भगिनीने ते कशातून घ्यायचे?

म्हणून पहिल्या प्रश्नाकडे वळू. अॅट्रॉसिटी कायद्याखाली १९९५ साली जे नियम झाले, त्यांतील तिसरा नियम किती कार्यकर्त्यांनी वाचला आहे? अत्याचार होण्याची शक्यता असलेली गावे राज्य सरकारने आधीच शोधून काढावीत, असे तो सांगतो. अशा भागात गरज भासल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्र परवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. बेकायदा शस्त्रे जप्त करावीत. आणि जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्र परवाने द्यावेत. शिवाय विशेष पोलीस दल तैनात करावे. आसामने जे २०२५ साली केले, त्याची तरतूद आपल्यासाठी तीस वर्षे आधीच कायद्यात होती. त्यासाठी कोणत्या मंत्रिमंडळाने खास योजना आणली?

या नियमाची क्रमवारी नीट पाहा. आपल्या हाती बंदूक देण्याआधी हल्लेखोराच्या हातची काढून घ्या, असे तो म्हणतो. बिहारमधील लक्ष्मणपूर-बाथे येथे १ डिसेंबर १९९७ च्या रात्री रणवीर सेनेने ५८ जणांची हत्या केली, तेव्हा बंदुका मारेकऱ्यांकडे होत्या. २०१३ साली पाटणा उच्च न्यायालयाने सर्व २६ आरोपींना मुक्त केले. बंदुका आधीच जप्त झाल्या असत्या तर? आपल्या भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील चौघांना मारले, तेथे काठ्या, कुऱ्हाडी आणि सायकलच्या साखळ्या पुरल्या. साक्ष दिल्याचा राग गावात धुमसत होता, धोका दिसत होता. सहा काडतुसांचे रिव्हॉल्व्हर त्या जमावापुढे किती टिकले असते? तेथे वेळेवर पोहोचणारी पोलिसांची गाडी हवी होती, ती आली नाही.

काही मित्र म्हणतील, बाबासाहेबांचा समाज लढवय्यांचा आहे, शस्त्राला काय भ्यायचे? भ्यायचे नाहीच. परंतु डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत अधिकारांत घालण्याची सूचना मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. गुन्हेगारासह सगळ्यांच्याच हाती बेबंद शस्त्रे देणारा हक्क त्यांना नको होता. ज्या देशात जमीन, पैसा आणि ठाणे एकाच जातीच्या दाराशी असते, तेथे शस्त्रांची खुली शर्यत कोण जिंकणार, हे सांगायला नको. २०११ साली सलवा जुडूम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांच्या हाती बंदुका देऊन त्यांना लढाईत ढकलणे घटनाबाह्य ठरविले, तेही याच विचाराने. नागरिकाच्या जिवाचे रक्षण हे राज्याचे काम आहे. ते नागरिकाच्याच गळ्यात बांधून राज्याला मोकळे होता येणार नाही.

मग करायचे काय? गावात तणाव दिसताच जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा. त्यात अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम १७ आणि नियम तीन यांचा स्पष्ट उल्लेख असावा. गावातील परवानाधारक शस्त्रे जमा करण्याची व पोलीस बंदोबस्ताची मागणी करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. उद्या काही घडले तर हीच पोच अधिकाऱ्याला कोर्टात उभी करील. साक्षीदारांसाठी कलम १५ अ खाली संरक्षण मागावे. ज्या एखाद्या कार्यकर्त्याच्या जिवाला थेट धोका आहे, त्याने परवान्याचा अर्जही जरूर करावा. केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येत नाही, असे शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम १४ सांगते. नकार आला तर लेखी कारण मागावे आणि कलम १८ खाली मुदतीत अपील करावे.

प्रत्येक तालुक्यातील आपल्या वकिलांनी हा अर्ज तयार करून कार्यकर्त्यांच्या हाती द्यावा. काडतुसांची संख्या परवाना ठरवितो, अर्जांची संख्या मात्र आपण ठरवायची आहे. जयभीम.